युरोपचा इतिहास आणि आमचं माळाचं रान

सर,

गेल्या उन्हाळ्यात मी इंग्लंडला जाऊन आले. लेक तिकडं नोकरीला आहे, तिच्याकडं. तुम्ही आयुष्यभर ज्या देशांचा इतिहास शिकवलात त्यातला एकही तुम्ही पाहिला नाहीत, आणि मी मात्र गुडघे दुखायला लागल्यावर, पायात कापडी बूट घालून तिथं फिरून आले. एका रविवारी लेक मला गाडीतून उत्तरेकडच्या डोंगरात घेऊन गेली. तिथं एक मोठा तलाव आहे, लांबच्या शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. पाऊस कमी झाल्यामुळं पाणी खूप खाली गेलं होतं आणि काठच्या चिखलातून दगडी भिंती वर आल्या होत्या. एका घराचा उंबरा, एक बुटका पूल, रस्त्याच्या दोन्ही अंगांचे बांध. लोक त्यातून फिरत होते, फोटो काढत होते. "गाव होतं इथं," लेक म्हणाली, "धरणात गेलं." कुत्र्याला फिरवायला आलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्याशी बोलायला थांबले. त्यांची आजी त्या गावची. गाव उठल्यावर ती जवळच राहायला गेली, पण मरेपर्यंत या बाजूला पुन्हा कधी आली नाही, असं ते सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. मी एका भिंतीवर बसून राहिले. लेकीला वाटलं, दमले असेन. तिला काय सांगणार? जे सांगायचं होतं ते तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून आता इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या गावाला त्याची झळ तशी कमीच लागली. कृष्णाकाठचं गाव, वरून कोयनेचं पाणी येतं, नदीवर विजेच्या मोटारी बसलेल्या, शिवारात ऊस. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सांगलीला वसतिगृहात ठेवलं याचं गावाला नवल वाटलं होतं. तात्या, माझे धाकटे चुलते, तर उघड म्हणायचे, "पोरीला शिकवून काय उसाचं वजन वाढणार हाय?" त्यावर आबा एवढंच म्हणत, "वाढू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. ती शिकतीया." त्यांना मी काय शिकते हे ठाऊक नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. वेळापत्रकात 'आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास' असं भारदस्त नाव होतं आणि तो पेपर अवघड जातो म्हणून पुढच्या वर्गातल्या मुली घाबरवायच्या.

पहिल्याच तासाला तुम्ही म्हणालात, "राजांची नावं पुस्तकात आहेत, ती तिथं वाचा. परीक्षेत विचारतील. मी तुम्हाला माणसं सांगणार आहे." आणि खरोखर तुम्ही माणसंच सांगितलीत. छापखाना निघाला तेव्हा हातानं पोथ्या उतरवणाऱ्यांनी काय केलं असेल, हे विचारून तुम्ही आम्हाला एका दुपारी सांगलीतल्या एका छापखान्यात घेऊन गेलात. तिथं खिळे जुळवणारे काका उलटी अक्षरं भराभर लावत होते. तुम्ही त्यांना आमच्यातल्या एका मुलाचं नाव जुळवायला सांगितलंत, आणि तो मुलगा शाईनं ओला तो कागद दिवसभर हातात धरून फिरला. "बघा," तुम्ही परत येताना रस्त्यात म्हणालात, "स्वतःचं नाव छापलेलं बघून याला जे वाटलं, ते तिकडं एकदम लाखो लोकांना वाटलं. मग ते धर्मगुरूला विचारायला लागले, मधे तुम्ही कशाला? मग राजाला विचारायला लागले." तुमचा आवाज खालच्या पट्टीतला होता. वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू यावं म्हणून तो तुम्ही कधी चढवला नाहीत. मुलंच गप्प व्हायची.

तुम्ही मला एकदा रागावलात. त्या आठवड्यात तुम्ही इंग्लंडमधल्या कुंपणांबद्दल सांगत होतात. गावाची गायरानं, पड जमिनी मोठ्या जमीनदारांनी कायदे करून कुंपणात घेतल्या, त्याची कारणं आणि परिणाम. तुम्ही परिणाम विचारलेत आणि मी उभी राहून पुस्तकातलं धडाधड सांगितलं. शेती सुधारली, उत्पन्न वाढलं, जे लोक शेतीतून बाहेर पडले ते नव्या कारखान्यांना कामगार म्हणून मिळाले. मला वाटलं, शाबासकी येणार. तुम्ही खडू खाली ठेवलात. "बाहेर पडले? आपण होऊन पडले का? आणि मिळाले म्हणजे काय? रस्त्यावर सांडली होती का माणसं, म्हणून मिळाली?" वर्गात कुणी हसलं. तुम्ही हसला नाहीत. "तुम्ही लिहिता ते वाक्य कुणाच्या अंगणात उभं राहून लिहिता, तेवढं बघत जा. बसा." मग मागच्या बाकावरचा एकजण जोरात म्हणाला, "सर, इंग्रज मुळातच लुटारू." त्यालाही तुम्ही सोडलं नाहीत. "देवीची लस टोचून घेतली आहेस ना? दंडावर वण असेल. ती कुठून आली? राजाला जाब विचारता येतो हे जगाला मोठ्या आवाजात सांगणारे आणि आपल्यावर राज्य करायला आलेले, एकाच घरातली माणसं आहेत ती. एकाला घरात घेऊन दुसऱ्याला दारातून परत पाठवता येत नाही." तो तास संपल्यावरही आम्ही बराच वेळ बाकावरून उठलो नव्हतो.

तुम्ही मूळचे कुठले हे आम्हाला नीट माहीत नव्हतं. पाटणच्या वरच्या अंगाचे, एवढंच कुणीतरी म्हणायचं. तुम्ही कधी स्वतःबद्दल बोलला नाहीत, आणि विचारायची आमची हिंमत नव्हती.

मग ती दिवाळीची सुट्टी. घरी आले तर घरात वेगळीच हवा. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांना खाली, पाणी मिळालेल्या गावांतून जमिनी द्यायच्या असं सरकारनं ठरवलेलं होतं. आमच्या गावात कागद येऊन पडून राहिले होते, वर्षानुवर्षं. आता एकाएकी मोजणीची तारीख लागली होती, आणि जी रानं जायची होती त्यात आमचं माळाचं रान होतं. ते रान काही साधं नव्हतं, सर. मी लहान असताना तिथं नुसता खडक आणि कुसळं होती. आबा आणि तात्यांनी नदीकाठची माती बैलगाड्यांनी वर नेऊन पसरली, उन्हाळ्यांमागून उन्हाळे. माझी आई पुन्हा गर्भार असताना त्या रानातले दगड वेचत होती. सरकारनं त्याची भरपाई ठरवली होती, पण आबा म्हणत, "खडकाची भरपाई दिली. मातीची कोन देनार?" गावातल्या बैठका आमच्याच सोप्यात होत होत्या. धरणवाले आयतं खायला येतायत, त्यांना शिवारात पाऊल टाकू द्यायचं नाही, असं ठरलं.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन रानात जाते. डोक्यावर बुट्टी, हातात पाण्याची कळशी. लांबूनच माणसांची गर्दी दिसते. मोजणीदाराची साखळी जमिनीवर तशीच पडलेली आहे, तलाठी छत्री उघडून उभा आहे, आणि आमचे लोक रानाच्या तोंडाशी आडवे उभे आहेत. पलीकडच्या बांधावर चार-दोन घरची माणसं, अंगावरची कापडं वेगळ्या वळणाची, डोंगरातल्या लोकांची. त्यांच्यात एक म्हातारी खाली बसलेली आहे. आणि तिच्या शेजारी, चपला काढून हातात घेतलेले, तुम्ही.

तुम्ही मला पाहिलंत. मला ते आजही नक्की माहीत आहे. क्षणभर तुमची मान वर झाली आणि लगेच तुम्ही दुसरीकडं बघायला लागलात, जसं काही एक पोरगी भाकरी घेऊन आली आहे, एवढंच. तात्या पुढं होऊन बोलत होते. "गाव बुडालं तर बुडालं. आमच्या छातीवर कशापायी?" कुणीतरी हसलं. आबांनी तुमच्याकडं बोट केलं. "तू कोन रं? शेतकरी दिसत न्हाईस."

"ही माझी आई," तुम्ही म्हणालात. "मी सांगलीला शिकवतो."

"काय शिकवतोस?"

"इतिहास."

"मग शिकव की ह्यास्नी. आली तिकडं परत जा म्हनावं."

वर्गात कधी न ऐकलेल्या बोलीत, अगदी हळू तुम्ही म्हणालात, "तिकडं पानी हाय वो."

मी बुट्टी खाली ठेवली. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं, एवढं आठवतं की पाय आपोआप चालले. साखळी ओलांडून पलीकडं गेले, तुमच्या पाया पडले आणि वळून म्हणाले, "आबा, हे माझे सर." आणि मग कळशीतलं पाणी म्हातारीच्या ओंजळीत ओतलं, कारण समोर उभं राहून आणखी काय करावं ते मला कळत नव्हतं. तुमच्या आई पाणी प्यायल्या, ओल्या हातानं तोंड पुसलं, मला विचारलं, "तू ह्यांची लेक व्हय?" मी मान हलवली. त्यांनी शेजारची ढेकळं हातात घेतली, चुरली, आणि आबांकडं बघून सरळ विचारलं, "माती वरनं आनून घातलीया न्हवं?"

आबा म्हणाले, "व्हय."

"लय राबलाय," तुमच्या आई म्हणाल्या. "आमच्याकडं बी आमी डोंगराला अशीच घातली हुती. पावसाळ्यात वाहून जायाची. परत घालायची."

त्या दिवशी मोजणी झाली नाही. आबांनी मला फक्त "घरला जा" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र तात्यांनी सोप्यात बसून सगळं बाहेर काढलं. "ह्योच इतिहास शिकाया धाडली हुती व्हय तिला? भर शिवारात आपल्या बापाच्या इरुद्ध गेली." माझं कॉलेज बंद करायचं, मार्गशीर्षात स्थळ बघायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सुट्टी संपली तेव्हा मी माझी ट्रंक स्वतःच उचलून एसटीत बसले. कुणी अडवलं नाही, पण पोचवायलाही कुणी आलं नाही.

तुम्ही वर्गात नेहमीसारखेच. फ्रान्सच्या क्रांतीचा भाग चालू होता. माणसाच्या हक्कांचा तो जाहीरनामा तुम्ही मराठीत सांगत होतात, एकेक कलम, आणि प्रत्येक वेळी विचारत होतात की यात बायका आहेत का, गुलाम आहेत का, त्यांच्या वसाहतीतली माणसं आहेत का. मी वहीत मान घालून बसले होते. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "ओळख दाखवायला नको होती तुम्ही. घरी त्रास झाला असेल."

"तुम्ही का नाही दाखवलीत?" मी विचारलं. आता वाटतं, हे विचारायचं धाडस कुठून आलं?

तुम्ही म्हणालात, "तिथं मी तुमचा सर नव्हतो. तुमच्या वडिलांचं रान मागायला आलेला माणूस होतो. मागायला जाताना ओळखी घेऊन जाऊ नये." आणि मग, "तुमचे वडील वाईट नाहीत. त्यांचं खरंच जातंय. आमचं गेलं म्हणून त्यांचं जाणं खोटं ठरत नाही."

डिसेंबरात एक दिवस आबा कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. पांढरा फेटा, हातात रिकामी पिशवी. मला घेऊन जायला आलेत हे मला लगेच कळलं. पण ते म्हणाले, "आदी तुज्या सरास्नी भेटू." तुम्ही त्यांना शिक्षकांच्या खोलीत बसवलं नाहीत. जेवायची वेळ होती, तर म्हणालात, "घरी चला." गावभागात नदीकडं जाणाऱ्या बोळातल्या तुमच्या त्या दोन खोल्या, आणि मागची काळपट स्वयंपाकघराची खोली. तुमच्या आई तेव्हा तुमच्याकडंच होत्या. त्यांनी आबांना ओळखलं, आणि पाट मांडला. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर तेलाची धार. आबांनी नाचणीची भाकरी आयुष्यात खाल्ली नसावी. ती त्यांनी हळूहळू, घास मोडून मोडून खाल्ली. मी दाराशी बसले होते.

"गाव सोडलं तवा काय काय आनलं?" आबांनी विचारलं.

"दाराच्या चौकटी आनल्या," तुमच्या आई म्हणाल्या. "देव आनलं. म्हसरं आनली, ती हिकडच्या उन्हानं मेली. चूल कशी आननार? ती ऱ्हायली."

मग आबांनी तुमच्याकडं वळून विचारलं, "तुमी हिला शिकवता तरी काय वो?" मला वाटलं, आता तुम्ही क्रांतीचं काहीतरी सांगाल. तुम्ही कुंपणांचं सांगितलंत. साध्या बोलीत, जणू शेजारच्या गावात घडलेली गोष्ट असावी तसं. तिकडं गावाच्या सगळ्यांच्या जमिनी होत्या, तिथं गरिबाची एक गाय चरायची. मोठ्यांनी कायदा केला आणि कुंपण घातलं.

"मग ती लोकं कोरटात गेली न्हाईत?"

"कायदा करणारे तेच, आणि न्यायाला बसणारेही त्यांच्यातलेच."

"मग?"

"मग गेली शहरात. गिरण्यांत लागली. लेकरंसुद्धा."

"आनि ज्यांनी जमिनी घेतल्या त्येंचं?"

"त्यांचं चांगलं झालं. त्यांनी शेती सुधारलीही. ते खोटं नाही."

आबांनी हात धुतला, पुसला. मग म्हणाले, "ह्यात मी कोन? मी कुंपन घालनारा का गाय चारनारा? मला तर वाटतं, माजी बी गायच गेली."

"तुम्ही दोन्ही आहात," तुम्ही म्हणालात. "वरचं गाव बुडालं म्हणून तुमच्या मोटारीला पाणी आणि वीज आली. त्यातलं थोडं परत द्या म्हणून सरकार सांगतंय. पण तुम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हालाही विचारलं नव्हतं. तुम्ही द्या असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून ते चांगलं दिसणार नाही."

आबा मला न घेताच परत गेले. निघताना तुमच्या आईंनी त्यांना कागदाच्या पुडीत मूठभर भात दिला, त्यांच्या बुडालेल्या खाचरातल्या वाणाचा. हिकडं तो येत न्हाई, त्या म्हणाल्या, पर टाकून बगा. आबांनी तो फेट्याच्या टोकात बांधून घेतला. बोळाच्या तोंडापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. ते म्हणाले, "तुजा सर लबाड न्हाई. लबाड असता तर सोपं झालं असतं."

पुढच्या मोजणीला काय झालं ते मी पाहिलं नाही, आईकडून ऐकलं. आबा सकाळी एकटेच रानात गेले आणि मोजणीदाराला आमच्या हिश्शाची जुनी हद्द दाखवली. तात्या आडवे आले तेव्हा आबा म्हणाले, "तुजं तू बघ. मी माज्यापुरता बाजूला झालोय." त्या उन्हाळ्यात आमच्या घरात वाटणी झाली. मधे भिंत आली. एका आईच्या पोटचे दोन भाऊ एका विहिरीवर पाळी लावून पाणी घेऊ लागले, पण एकमेकांकडं बघेनात. तात्यांचं रान पुढं किती वर्षं कोर्टात अडकून पडलं, आणि तुमच्या गावच्या बाकीच्या लोकांना हेलपाटे घालत राहावं लागलं. म्हणजे आबांच्या बाजूला होण्यानं सगळं सुटलं असं काही नाही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "आबा, तुम्ही का दिलीत?" ते चिडले. "दिली कुटं? सरकारनं घेतली. मी फकस्त आडवा न्हाई गेलो." गावात त्यांना यापुढं कुणी कुठल्या बैठकीला बोलावलं नाही. बाहेरच्या सोप्यात सकाळी माणसं यायची, ती यायची बंद झाली. चहाचा मोठा टोप आईनं माळ्यावर टाकून दिला. त्यांना ते किती लागलं हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. माझं लग्न मात्र एम.ए. झाल्यावरच झालं, तेही मी होकार दिला तेव्हा.

तुमच्या आई त्या रानात झोपडी बांधून राहिल्या, तुमच्या भावाबरोबर. सुट्टीत मी तिथं जात असे. पहिल्या वर्षी त्यांनी नाचणी करून पाहिली, ती पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी त्या माळावर ऊस उभा राहिला. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, पण ते हसणं मला फार आवडलं नव्हतं. "आई आता ऊसवाली झाली," तुम्ही म्हणालात. "बघू, हिला कधी कुणासाठी बाजूला व्हायची वेळ येते का." एवढ्या मोकळेपणानं तुम्ही माझ्याशी प्रथमच बोललात, आणि शेवटचंही. मी कोल्हापूरला एम.ए.ला गेले तेव्हा तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत, नकाशे वाचायचं, पितळी दांड्याचं. "बारीक अक्षरातली गावं आधी वाचा," म्हणालात. दीड वर्षानं निरोप आला की तुम्ही वर्गात फळ्यावर लिहीत असतानाच खाली बसलात आणि उठला नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुमच्या आई त्या काळपट खोलीत बसल्या होत्या आणि आबा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले होते, फेटा काढून. ते माझ्या आधी आले होते. त्यांना कुणी कळवलं, हे मी विचारलं नाही.

मग मी साताऱ्याच्या एका कॉलेजात तोच पेपर शिकवला, निवृत्त होईपर्यंत. मुलं म्हणायची, बाई, हे सगळं इतकं लांबचं, कशाला शिकायचं? मी त्यांना छापखान्यात नेऊ शकले नाही, कारण खिळे जुळवणारे छापखाने तोवर बंद झाले होते. पण त्यांना मी त्यांच्या गावाबद्दल लिहायला सांगत असे. वरून कुणाचं पाणी येतं, खाली कुणाकडं जातं, एवढंच. पाटणकडची मुलं, शिराळ्याची मुलं, लोणंदची मुलं. काहींनी फार चांगलं लिहिलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, यात पाश्चात्त्य काय आहे?" मी तिला म्हटलं, मोटार. धरण. मोजणी. सातबारा. तुझा हा प्रश्नसुद्धा. ती विचारात पडली, आणि मलाही माझं उत्तर पुरतं पटलेलं नव्हतं. तुम्ही असता तर ते कुठं कच्चं आहे ते दाखवलं असतंत.

तात्या आणि आबा, दोघंही आता नाहीत. शेवटच्या दुखण्यात तात्यांनी मधल्या भिंतीतून दार पाडायला सांगितलं आणि आबा त्यातून वाकून आत गेले. तुमच्या भावाची नातवंडं पुण्यात असतात. हे लिहिलेलं त्यांच्याकडं पोचवावं असं दोनदा मनात आलं, पण त्यांना तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले आजोबा. त्यांनी हे वाचून काय करावं? तेव्हा हे माझ्याकडंच राहील.

एक सांगते आणि थांबते. तुमचा आवाज मला लख्ख ऐकू येतो, चपला धरलेला तुमचा हातही दिसतो, पण तुमचा चेहरा गेला आहे, सर. बरीच वर्षं झाली. आठवायला डोळे मिटले की त्या बांधावर तुमच्या जागी आबा उभे असतात.